शहरात पाणी-कचऱ्याचं आणि सलोख्याचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

चिंचेखाली | रविवार, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आठ वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मागच्या दिवाळीत आईसाठी घरी परत आले. आमचं घर संभाजीनगरात, बेगमपुऱ्याकडे. नळ आठव्या दिवशी येतो. त्या दिवशी गल्लीत लगीनघाई असते. पिंपं, हंडे, बादल्या, मोटारींची घरघर आणि हमखास एक तरी भांडण. परवाचं भांडण कुणी मोटार लावली यावरून सुरू झालं आणि चौथ्या वाक्याला "तुमचे लोक, आमचे लोक" वर गेलं. दोन्ही घरं मी लहानपणापासून ओळखते. एका घरातल्या खालांनी मला सायकल शिकवली, दुसऱ्या घरातल्या काकूंनी पाढे पाठ करून घेतले. त्या दोघीच एकमेकींवर ओरडत होत्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मनात आहे की आता नुसतं हळहळत बसायचं नाही. पाणी, कचरा, झाडं यांचं काहीतरी करायचंय. आणि शेजाऱ्यांमधलं हे जे उसवत चाललंय, त्यालाही टाके घालायचेत. नोकरी घरूनच असल्यामुळे शनिवार-रविवार मोकळे मिळतात. कुठल्या पक्षाशी संबंध नाही, ठेवायचाही नाही. पुण्यात टेकडीवर झाडांना पाणी घालायला जायचे, अनुभव म्हणाल तर तेवढाच.

एखाद्या चालू कामात सामील व्हावं की आपल्या गल्लीत सुरू करावं? आणि ही दोन कामं एकत्र चालतात का, की वेगळी ठेवावीत?

एक विनंती. शहराच्या नावावरून इथे वाद नको. ज्याच्या तोंडात जे नाव बसलंय त्याने ते लिहावं.

---

बाभूळबन | सकाळी ७.४८

शेवटच्या ओळीसाठी आधी धन्यवाद. नाहीतर धागा दहाव्या प्रतिसादालाच बंद करावा लागला असता.

मी जालन्याचा. आमच्याकडचा अनुभव सांगतो. जालन्याला निजामाच्या काळापासून घाणेवाडी तलावाचं पाणी आहे, आणि ते उताराने, पंप न लावता येतं. तलाव गाळाने भरत गेला तसं शहर तहानलं. मग गावातले व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी असे लोक एकत्र आले आणि वर्गणी काढून गाळ उपसायला लागले. मशीनचा खर्च शहराने उचलायचा आणि गाळ शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने न्यायचा, असा सरळ हिशेब. तो काळा गाळ शेतात पडला की मुरमाड रानालाही पीक धरतं, म्हणून शेतकरी आपण होऊन रांगेत उभे राहिले. पुढे सरकारची गाळमुक्त धरणाची योजना आली, पण हे काम त्याच्या कितीतरी आधीचं.

सांगायचा मुद्दा हा की यात कुणावर उपकार नव्हते. शहराला पाणी हवं होतं, शेतकऱ्याला माती हवी होती. तुमच्या गल्लीत असं दोघांच्याही फायद्याचं एकच काम शोधा. संस्था काढायची घाई नको.

---

उंबरठा | सकाळी ८.२५

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. दोन्ही कामं एकत्र करू नका. झाडाला पाणी घालायला सगळे येतात. ज्या दिवशी तुम्ही 'सलोखा' हा शब्द उच्चाराल, त्या दिवशी अर्धे लोक विचारतील की तुम्ही कुणाच्या बाजूच्या, आणि उरलेले अर्धे न विचारताच ठरवून टाकतील. मी हे भोगलंय. आमच्या वसाहतीत आम्ही तीन वर्षं सुंदर बाग केली होती. एका सणाच्या वेळी आमच्यातल्या एकाने एकोप्याचं पत्रक वाटलं. महिन्याभरात बागेला कुलूप लागलं, कारण चावी ज्यांच्याकडे होती त्यांना ते पत्रक रुचलं नाही. झाडं वाळली. अजून तिथून जाताना मी मान वळवतो.

आधी पाणी सांभाळा. मनं नंतर.

---

लातूरकरीण | सकाळी ९.०२

उंबरठा, तुमच्या बागेचं वाचून वाईट वाटलं. पण पाणी आणि मनं वेगळी काढता येतात हे मला पटत नाही, कारण मी २०१६ चं लातूर बघितलंय.

तेव्हा पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या जागी जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी १४४ कलम! पाच माणसं हंडे घेऊन जमायची नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. लोकं फोटो काढायला स्टेशनवर गेली होती, काही म्हातारी माणसं रडत होती. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर आला की पाइप कुणाच्या पिंपात आधी जाणार यावरून मारामारी व्हायची. मग समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी खडूने रस्त्यावर घरांचे नंबर टाकले. आज १ पासून सुरुवात, उद्या २ पासून, परवा ३ पासून. ज्याचं घर शेवटी येईल त्याला कधीतरी पहिलं यायची खात्री. बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर ते घर नंबर सोडून आधी. एवढंच केलं. मारामारी तिसऱ्या दिवशी थांबली. त्या खडूच्या आकड्यांत पाटील, शेख, कांबळे, स्वामी सगळे होते. कुणी 'सलोखा' हा शब्द काढलाच नाही.

चिंचेखाली ताई, तुमच्याकडं नळाच्या दिवसाचं असंच काही करता येईल का बघा.

---

काळी_माती | सकाळी ९.१५

खडूच्या नंबरांना साष्टांग नमस्कार. आमच्या गल्लीत आजच करतो. खडू माझ्या धाकटीच्या दप्तरातून चोरावा लागणार!

---

खामकाठ | सकाळी १०.३०

जरा लांब लिहितो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

ताई, तुम्ही बेगमपुऱ्यात राहता म्हणजे पाणचक्की तुमच्या दारात. लोक तिकडे पाहुणे घेऊन फोटो काढायला जातात, पण ती गोष्ट नीट बघत नाहीत. डोंगरातल्या विहिरीचं पाणी मातीच्या खापरी नळांतून, जमिनीखालून, निव्वळ उताराच्या आणि दाबाच्या जोरावर तिथपर्यंत येत होतं. त्या पाण्याने जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, यात्रेकरूंचं धान्य दळलं जायचं. १७४४ मधलं काम. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मलिक अंबरने या शहरासाठी नहर खोदली होती. एका हबशी वजिराने दख्खनच्या या शहराला पाणी दिलं, आणि ते पाणी सगळ्यांनी प्यायलं. सलोखा शोधायला मला तरी याहून लांब जावं लागत नाही.

पाणचक्कीच्या शेजारून वाहते ती खाम. ती जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूलच्या तलावातून शहरात शिरते, छावणीकडून बाहेर पडते आणि नाथसागरात जाते. आणि आपण पितो कुठलं पाणी? नाथसागराचंच. जायकवाडीचं. म्हणजे आपण खाममध्ये जे सोडतो ते फिरून आपल्याच हंड्यात यायची वाट बघत असतं. ही एक गोष्ट मी शाळेतल्या मुलांना नकाशावर बोटाने काढून दाखवतो आणि पुढचं व्याख्यान द्यावंच लागत नाही. मुलं स्वतःच "ई!" म्हणतात.

गेल्या काही वर्षांत खामचं काम सुरू झालंय. लोखंडी पुलाजवळ मी पहिल्यांदा श्रमदानाला गेलो तेव्हा गाळात हात घातला तर आधी चपला निघाल्या, मग देवाच्या तसबिरींच्या चौकटी, गादीचा कापूस, आणि मग एकदम थंड, स्वच्छ वाळू. ती वाळू हातात घेतल्यावर कळलं की खाली नदी अजून आहे. तेव्हापासून जमेल तो रविवार मी तिथे असतो.

आता उंबरठा यांच्या मुद्द्याकडे. २०१८ आठवा. तीस-पस्तीस वर्षं सगळ्या शहराचा कचरा नारेगावला पडत होता. धूर, माश्या, विहिरी खराब, पोरांना खोकला. फेब्रुवारीत नारेगाव-मांडकी भागातल्या लोकांनी गाड्या अडवल्या, आणि महिनोन्महिने चौकाचौकांत ढीग साचले. मग गाड्या दुसरीकडे वळवल्या तर तिथले लोक उठले, मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात दंगल झाली, दोन माणसं गेली, दुकानं जळाली. तिची ठिणगी अनधिकृत नळ तोडण्यावरून पडली असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. कचरा आणि पाणी. एकाच वर्षात दोन्हींवरून आपण एकमेकांच्या अंगावर गेलो.

आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकून आपण त्याला शांत राहा असं कसं सांगणार? म्हणून मला ओला-सुका वेगळा करणं हे शांततेचंच काम वाटतं. अगदी मनापासून वाटतं.

---

रात्रपाळी | दुपारी १२.१०

मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे, मराठवाड्यातल्या चार जिल्ह्यांत नोकरी केली. ठाण्याचं नाव घेत नाही, पण आतून काय दिसतं ते सांगतो.

प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समिती असते. गणपती, ईद, जयंत्या आल्या की तिची बैठक लागते. चहा-बिस्कीट होतं, तेच ते चेहरे येतात, सगळे "आमच्याकडे काही अडचण नाही" म्हणतात आणि फोटो निघतो. सणापुरती समिती सणापुरतीच कामाला येते. दंगल पोलिसांच्या गाडीने थांबते, पण न होऊ देण्याचं काम आधीच्या अकरा महिन्यांत होतं.

भिवंडीचं उदाहरण आमच्या प्रशिक्षणात सांगायचे. १९८४ ला तिथे भयंकर दंगल झाली. नंतर सुरेश खोपडे तिथे उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, यंत्रमागवाले, रिक्षावाले, नियमित एकत्र बसायची आणि गटार, भांडणं, भाड्याचे वाद असल्या रोजच्या गोष्टी सोडवायची. डिसेंबर १९९२ मध्ये जवळची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत शांततेवर भाषणं नव्हती, गटारींवर चर्चा होती. लातूरकरीण यांच्या खडूची आठवण झाली ती यामुळेच.

आणखी एक. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. आमच्या पोटात गोळा होता. राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी नेला. त्या रात्री बंदोबस्तावर असलेल्या पोरांना विचारा, किती बरं वाटलं होतं. ज्यांनी हे ठरवलं ती माणसं एकमेकांना आधीपासून फोन करू शकत होती, म्हणून जमलं.

ताई, तुमच्या गल्लीतल्या सहा माणसांचे नंबर लिहून ठेवा, तीन इकडची, तीन तिकडची. मोबाइलवर काहीही आलं की पुढे पाठवायच्या आधी त्यांच्यातल्या एकाला फोन करून "खरं आहे का" एवढं विचारायचं. घटना खरंच घडत असेल तर लगेच ११२. नुसत्या एका फोनने विझलेल्या अफवा मी पाहिल्यात.

---

मास्तर_परभणी | दुपारी १.३५

रात्रपाळी साहेब, लाख बोललात.

आमच्या परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, जानेवारी सरता सरता. सगळं गाव जातंय, हिंदू-मुसलमान असा हिशेब तिथं कोणी करत नाही. लेकरं पाळण्यात बसायलेत, बाया बांगड्या भरायलेत, म्हातारे संदल बघायला थांबलेत. माझी माय दरसाल नवस फेडायला जायची, आणि घरी येऊन तुळशीला दिवा लावायची. तिला यात काही जोडल्यासारखं वाटायचंच नाही, कारण तिच्यासाठी ते कधी तुटलंच नव्हतं.

आता मला काय दिसायलंय ते सांगतो. माझ्या वर्गात पोरं बाकावर वेगवेगळी बसायलीत. दहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. मी काय केलं, तर वर्गाला डबा खायच्या वेळी चार-चारच्या टोळ्या करून दिल्या आणि प्रत्येक टोळीला शाळेच्या आवारातलं एक रोप दिलं. जूनमध्ये लावायचं, पुढच्या जूनपर्यंत जगवायचं. सुट्टीच्या दिवशी पाणी घालायची पाळी लावायची म्हणजे एकमेकांच्या घरी निरोप द्यायला जावंच लागतंय. एका पोराची आजी मला भेटायला आली. म्हणाली, "गुरुजी, पहिल्यांदा त्यांच्या आळीत गेले, चहा पाजला त्यांनी." तेवीस रोपांपैकी सतरा जगली. सहा शेळ्यांनी खाल्ली.

---

काळी_माती | दुपारी १.५०

शेळ्यांनी कुठल्याच आळीचा भेद केला नाही मास्तर, सगळ्यांची रोपं सारखी खाल्ली!

---

बाभूळबन | दुपारी २.०५

विषय निघालाच आहे तर रोपांबद्दल. कृपा करून कोनोकार्पस आणि सप्तपर्णी लावू नका. रस्त्याकडेला भराभर हिरवं दिसतं म्हणून लोक लावतात. परागकणांनी दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो. आपल्याकडे कडुनिंब, करंज, बहावा, पळस, वड, उंबर, चिंच हीच झाडं. मराठवाड्याचं ऊन आणि दोन पावसांतली उघडीप त्यांना सोसते.

आणि लावण्यापेक्षा जगवणं अवघड. फेब्रुवारी ते जून खरी परीक्षा. आम्ही जुनी गळकी मडकी वापरतो. रोपापासून वीतभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घालायची, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. आठवड्यातून दोनदा भरलं की ओल मुळाशीच राहते, वर तण माजत नाही. कुंभारवाड्यात चिरलेली मडकी फुकट मिळतात, आणि त्या निमित्ताने कुंभाराशी ओळख होते ती वेगळीच.

---

गोदाकाठ | दुपारी ३.२०

नांदेडहून. मला इथे जे लिहायचंय ते कामाच्या पद्धतीबद्दल आहे.

आमच्याकडे सचखंड गुरुद्वारात लंगर चालतो. मी कॉलेजात असताना एकदा मित्राबरोबर भांडी घासायला बसलो. माझ्या एका बाजूला पंजाबहून आलेला वयस्कर गृहस्थ, दुसऱ्या बाजूला किनवटकडचा मजूर. स्टीलची ताटं एकसारखी येत राहतात, खळखळ आवाज, कोपरापर्यंत पाणी. अर्ध्या तासाने कोण कुठला हे विसरायला होतं, कारण पुढचं ताट आलेलं असतं. उठताना त्या आजोबांनी माझे ओले हात आपल्या पंचाने पुसले.

तेव्हापासून माझं मत आहे की माणसांना समोरासमोर बसवून बोलायला लावू नये. त्यांना शेजारी शेजारी बसवून काम द्यावं. आम्ही गोदावरीच्या घाटावर जलपर्णी काढतो तेव्हा तेच होतं. दोरी एकाच बाजूने ओढावी लागते. नांदेडचं सांडपाणी नदीत जातं ते जात राहतंच, जलपर्णी पुन्हा येतेच, आम्ही पुन्हा काढतो. आमच्या निवेदनांची फाइल जाडजूड झाली आहे. एका कार्यालयात तर त्यांनी आमचं निवेदन हरवलं आणि आम्हालाच झेरॉक्स मागितली. दिली. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

---

निंबाची_सावली | दुपारी ४.००

ज्यांना कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं कायद्याचं. मी वकिली करते.

ओला, सुका आणि घरगुती घातक, असा तीन भागांत कचरा वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी आपल्यावर बंधनकारक केलं होतं; २०२६ च्या नव्या नियमांत सॅनिटरी कचरा वेगळा धरून चार भाग आहेत. सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायची, ही ओळ २०१६ च्या नियमांतही होती. घंटागाडीवरची बाई उघड्या हाताने ते उचकते, एवढं आठवलं तरी पुरे. ३ लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं, ती १९९३ पासून लागू आहे. तुमच्या प्रभागाच्या खर्चाचा तपशील माहिती अधिकारात मागता येतो, १० रुपयांच्या अर्जावर. शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याखाली परवानगी आणि हरकतींची नोटीस लागते. नोटीस झाडावर लागली की तिचा फोटो काढा आणि मुदतीत हरकत लिहून द्या, पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो.

---

उंबरठा | सायंकाळी ५.४०

सगळं वाचलं. भिवंडी आणि खडू दोन्ही पटलं. पण माझी भीती गेलेली नाही. लातूरला पाणीच नव्हतं, सगळ्यांवर सारखी वेळ होती. आमच्या वसाहतीत पाण्याला तोटा नाही, बोअर आहेत. तिथे शेजाऱ्याची गरजच कुणाला लागत नाही. अशा ठिकाणी काय करायचं?

---

खामकाठ | सायंकाळी ६.१५

उंबरठा, प्रामाणिक प्रश्न आहे. बोअर आहेत तोवर गरज नाही. ते किती फुटांवर गेलेत ते शेजाऱ्यांना एकदा विचारा. एकाचं दोनशेवर असतं, दुसऱ्याचं चारशेवर, आणि सगळे एकाच पोटातून पितात.

छताचा हिशेब मांडा. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो पडला तर ६५ हजार लिटर होतो. थोडा उडाला, थोडा सांडला असं धरलं तरी ५० हजार लिटर. ते पावसाळाभर गटारात वाहून जातं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाजूला सोडून पुढचं वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायचं. चार गच्च्यांचा मिळून एक खड्डा केला तर खर्च चौथा हिस्सा येतो. चार घरं एका खड्ड्याला बांधली गेली की बोलावंच लागेल. पत्रक वाटायची गरज नाही.

---

उंबरठा | सायंकाळी ६.५०

चार गच्च्या. बरं. बघतो.

---

लातूरकरीण | रात्री ९.१०

ओल्या कचऱ्याचा वास येतो म्हणून शेजारी तक्रार करतात, त्यावर कुणाकडे उपाय आहे का? माझ्या ड्रममध्ये परत अळ्या झाल्यात.

---

बाभूळबन | रात्री ९.३०

पाणी जास्त झालंय. एक घमेलं ओलं टाकलं की त्यावर दोन घमेली वाळका पाला टाका. ड्रमला खाली-बाजूंनी भोकं हवीत. आंबट ताकात गूळ कालवून शिंपडा, आठवड्याने ढवळा. मूठ दाबली तर बोटांतून थेंब यायला नको, पण मूठ उघडल्यावर ढेकूळ फुटायलाही नको. दीड-दोन महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की खत झालं. पाला जाळणाऱ्या शेजाऱ्याकडे मागा. तुमचा ड्रम भरतो आणि त्याचा धूर थांबतो.

---

चिंचेखाली | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.४५

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलं होतं, म्हणून नुसतं आभार मानण्यापेक्षा काहीतरी करूनच परत यायचं ठरवलं होतं.

पहिला रविवार खाम नदीवर गेले. खामकाठ, तुम्ही म्हणता ती वाळू मला नाही मिळाली, मला एक अख्खा प्रेशर कुकर मिळाला. पण तिथे समजलं की मला आधी माझी गल्ली करायची आहे. नदीवर महिन्यातून एकदा जाईन.

मग मी खालांकडे गेले. भांडणाचा विषयच काढला नाही. म्हटलं, नळाच्या दिवशी आईला पाणी भरणं होत नाही, माझी मीटिंग असते, काहीतरी पाळी लावू या का? त्या लगेच म्हणाल्या, "तुझ्या काकूला विचारलंस का? तिचा गुडघा दुखतो, तिला आधी दे." मी तशीच उठून काकूंकडे गेले आणि खाला काय म्हणाल्या ते सांगितलं. काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग कपाटातून वही काढली. घराघरांची यादी त्यांनीच लिहिली, मला पाढे शिकवायच्या त्याच अक्षरात. एकोणीस घरं. मोटार कुणी कधी लावायची, कुणाला आधी, सगळं. खडूचे आकडे खालांच्या नातवाने काढले. चार नळ झाले. एकदा भांडण झालं, पहिल्याच दिवशी, एका घराने पाळी मोडली म्हणून. ते सगळ्यांनी मिळून सोडवलं, मी नव्हतेच तिथे, मीटिंगमध्ये होते.

उंबरठा, तुमचं एक मी ऐकलं. 'सलोखा' शब्द अजून गल्लीत उच्चारला नाही. पण मला मनातून माहीत आहे की मी तेच करतेय, आणि विचारलं तर लपवणार नाही.

सहा फोन नंबरही झाले. दोन आठवड्यांपूर्वी एका चौकाबद्दल काहीतरी भयंकर मोबाइलवर फिरत होतं. मी फोन केला, खालांच्या मोठ्या मुलाने गाडी काढून स्वतः जाऊन बघितलं. चौकात भाजीवाले नेहमीसारखे बसले होते. त्याने फोटो पाठवला, कोथिंबिरीचा.

आता ओला कचरा. सात घरं तयार आहेत. ड्रम ठेवायला जागा पाहिजे होती, ती आमच्या चिंचेखाली. भोकं किती मोठी पाडायची? आणि चिंचेचा पाला चालतो का?

---

बाभूळबन | रात्री ८.५८

करंगळीएवढी. चिंचेचा पाला बारीक असतो, फार छान कुजतो. चालतो काय, पळतो!

---

रात्रपाळी | रात्री ९.२०

कोथिंबिरीचा फोटो जपून ठेवा ताई. नोकरीत असतो तर ठाण्याच्या भिंतीवर लावला असता.

---

उंबरठा | रात्री १०.०५

खामकाठ, तीन गच्च्या तयार झाल्या. चौथी त्याच माणसाची आहे ज्याच्याकडे बागेची चावी होती. उद्या त्याच्याकडे जातोय. खड्ड्याचं माप परत एकदा सांगा, घरी गेल्यावर अडायला नको.

---

खामकाठ | रात्री १०.११

सहा फूट लांब, सहा रुंद, आठ खोल. खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. बोअरपासून किती अंतर ठेवायचं ते जमीन बघून ठरवावं लागेल. त्याच्या घरी किती वाजता जाताय? मी टेप घेऊन येतो.